'सदर दिवाणी अदालत'मधलं सदर म्हणजे उपरोक्त नव्हे

एकाने विचारलंय, मुंबई हायकोर्टाच्या इतिहासात 'सदर दिवाणी अदालत' येते, त्यातलं सदर म्हणजे 'वर सांगितलेली' का, आणि मग ती आधी कुठे सांगितलीय? नाही हो! इथे सदर म्हणजे मुख्य, वरिष्ठ. पण 'सदर इसमाने सदर ठिकाणी सदर मोबाईल' असल्या बातम्या रोज वाचून ह्या देखण्या शब्दाचा एवढा एकच अर्थ आपल्याकडे उरलाय, ह्याची खरंच चीड येते.

मूळ अरबी 'सद्र', म्हणजे छाती. त्यावरून पुढचा भाग, मानाची जागा. वाड्याची सदर आठवा, दिंडीतून आत आलं की समोरच लोड-तक्क्यांची बैठक, कारभार तिथेच नि निवाडेही तिथेच. कागदाच्या माथ्यावर लिहिलेलं तेही सदर, त्यातून सदरहू आणि तुमचा तो 'उपरोक्त' हा अर्थ निघाला. छावणीतला मुख्य बाजार तो सदर बाजार, सातारा-सोलापूरला आहेच. आणि सदरा! तो पारशांच्या सुद्र्यावरून, म्हणजे त्यांच्या धार्मिक सदऱ्यावरून आला असं काही जाणकार ठासून सांगतात, मला ते अजिबात पटत नाही. उर्दूत छातीवर घालायच्या बंडीला सरळ 'सदरी' म्हणतात, सख्खा भाऊ शेजारी उभा असताना लांबचं नातं कशाला शोधायचं?

हां, तर कोर्ट. १८६२ च्या आधी मुंबईत दोन चुली होत्या. १८२४ पासूनचं इंग्लंडच्या राजाचं सुप्रीम कोर्ट मुख्यतः मुंबई शहरापुरतं, आणि मुफसलातली, म्हणजे शहराबाहेरच्या मुलखातली अपिलं ईस्ट इंडिया कंपनीच्या सदर दिवाणी नि सदर फौजदारी अदालतीत. हद्द कुणाची ह्यावरून केवढं रामायण झालं बघा, १८२८ मध्ये पुण्याच्या मोरो रघुनाथ नावाच्या मुलाला हजर करा असा हुकूम सुप्रीम कोर्टाने काढला, सरकारने तो जुमानला नाही, तेव्हा एकटे उरलेले न्यायमूर्ती ग्रँट ह्यांनी १८२९ मध्ये चक्क कोर्टच बंद केलं, आणि शेवटी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील मंडळाने, कौल दिला तो कोर्टाच्या विरुद्ध.

१४ ऑगस्ट १८६२ ला हायकोर्ट सुरू झालं आणि ही तिन्ही त्यात मिसळली. पण सांधा अजून दिसतो. ओरिजिनल साइड, म्हणजे थेट हायकोर्टात दाखल होणारे दावे चालवणारी बाजू, ही सुप्रीम कोर्टाची वारस, आणि अपेलेट साइड, म्हणजे खालच्या कोर्टांवरची अपिलं ऐकणारी, सदर अदालतीची. पुण्याच्या जिल्हा कोर्टातलं अपील आजही मुंबईला अपेलेट साइडलाच लागतं.