यादी परत पाठवते आहे

प्रिय पोरी,

तुझी २०१५ मधल्या आवडत्या मराठी चित्रपटांची यादी वाचली. पहिल्या नंबरावर ‘कोर्ट’, दुसऱ्यावर ‘किल्ला’. अगदी शहाणी यादी, आणि मला ती मुळीच आवडली नाही. दिवाळीत ‘मुंबई-पुणे-मुंबई २’ बघून आलीस तेव्हा ताटातलं गार होईपर्यंत त्यावरच बोलत होतीस. ‘कोर्ट’च्या मध्यंतरात मात्र ‘अजून किती उरलाय?’ म्हणाली होतीस. आता यादीत एकाचा पत्ता नाही आणि दुसरा अव्वल! वर चिठ्ठीत विचारतेस, ‘मावशी, मला नक्की काय आवडतं तेच कळेनासं झालंय.’ कसं कळेल? चार जणांनी परीक्षणात दिलेले तारे मोजून मग आवडायला लागलीस तर कुणालाच कळणार नाही.

माझं एकच म्हणणं आहे आणि ते मी सोडणार नाही. जागा दाखव. चित्रपट आवडला तर कुठे आवडला, कंटाळलीस तर नेमकी कुठे. घरी येऊन, कुणाचं काही वाचण्याआधी, ती जागा वहीत उतरव. ‘छान’, ‘वास्तववादी’, ‘संथ’ हे शब्द माझ्याकडे आणूच नकोस.

‘कोर्ट’ मला का धरून ठेवतो, सांगू? मॅनहोलमध्ये मेलेल्या कामगाराची बायको साक्ष देते ती जागा. नवरा आत उतरण्याआधी खडा टाकायचा, झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे असं समजायचा, हे ती सांगते. सुरात ना रडणं, ना तक्रार. दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणेचा कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर झडप घालत नाही, लांबच थांबतो. दुसरी जागा सरकारी वकीलबाईंची. कोर्टात जुने कायदे सपाट आवाजात वाचणारी ही बाई मुलाला घेऊन घरी जाते, स्वयंपाकाला लागते, घरचे टीव्हीसमोर जेवतात. गीतांजली कुलकर्णी तिला कुठेही खलनायिका करत नाही, म्हणून तर भीती वाटते. आणि उन्हाळी सुट्टी लागते, कोर्टातले दिवे एकेक करून बंद होतात, पडदा काळा होतो. आमच्या खेळाला अर्धे लोक तिथेच उठले होते. मग न्यायाधीश सहलीला निघतात! त्या सहलीशिवाय हा चित्रपट मला अर्धा वाटला असता.

बघ, तुला पटवायला लागलेच मी. तुला कंटाळा आला ना? मग तो कंटाळा लिही, मला लागला तरी लिही. कायद्याची कलमं वाचली जातात तिथे आला का? असेल, तर दिग्दर्शकाला तिथे तुझा कंटाळाच हवा होता की त्याचा हात सुटला, यावर आपण भांडू. व्हेनिसला बक्षीस मिळालं, राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालं, ऑस्करला भारतातर्फे गेला, म्हणून आवडला, यावर भांडायचं तरी काय?

‘किल्ला’वर मी फार बोलणार नाही. किल्ल्यात पावसात मुलगा एकटा पडतो आणि मित्र निघून गेलेले असतात, तिथे मला बदल्यांमुळे बदललेली माझी शाळा आठवते. त्यामुळे माझं मत जरा लाडावलेलं आहे. अमृता सुभाषच्या आईला अजून थोडी जागा हवी होती, एवढं म्हणते.

आता ‘कट्यार काळजात घुसली’. यावरून आपल्या घरात दोन तट पडले आहेत आणि मला ‘शिष्ट’ ठरवलं गेलं आहे. खुशाल ठरवा. गाणी मीही गुणगुणते. पण शंकर महादेवन ‘सूर निरागस हो’ गातात तेव्हा गळा आणि चेहरा एकाच माणसाचे असतात. त्यांचे प्रतिस्पर्धी खाँसाहेब गातात तेव्हा आवाज राहुल देशपांड्यांचा आणि हावभाव सचिन पिळगावकरांचे. तान जेवढी खोल जाते तेवढे डोळे मोठे होतात, गळ्याला मात्र कष्ट पडलेले दिसत नाहीत. रंगभूमीवर, मूळ नाटकात, हेच खाँसाहेब वसंतराव देशपांडे स्वतः गात उभे करायचे. त्यामुळे ही फट मला जास्तच बोचते. माझी निराशा तिथे आहे, दिग्दर्शनात सुबोध भावेंचा पहिलाच प्रयत्न म्हणून ती गिळणार नाही. ‘हायवे’चंही तेच. गाड्या इतक्या की एकाही गाडीत माझा जीव बसेना. वाहतूक तुंबली आणि मला घड्याळ दिसू लागलं.

असं बोलते म्हणून माझ्याबरोबर पिक्चरला यायला कुणी धजत नाही. सुरुवातीला वाईट वाटायचं. हो, अजूनही वाटतं, विशेषतः मध्यंतरात, हातात एकच चहा घेऊन उभी असते तेव्हा. पण मान डोलावून मिळवलेली सोबत मला पेलली नसती. तुझी आई म्हणते, मावशीचं ऐकलंस तर तूही एकटी पडशील. पडशील कदाचित. तरी जागा दाखव.

तर ‘मुंबई-पुणे-मुंबई २’ यादीत परत घाल. लग्नाच्या तोंडावर त्या मुलीचा पाय मागे येतो, मुक्ता बर्वे ते कसं करते, यावर त्या दिवशी तू जे बोललीस ते जसंच्या तसं लिही. मला तो चित्रपट गुळमट वाटला, हे तुला ठाऊक आहे. त्याची पर्वा केलीस तर मात्र खरंच रागावेन.

१ जानेवारी २०१६ ला ‘नटसम्राट’ लागतोय. मी सकाळच्या खेळाला जाणार, तू तुझ्या सोयीने जा. बरोबर नको. संध्याकाळी वही घेऊन ये, मी थालीपीठ लावते. आधी तू वाचायचं.

तुझी,
मावशी