गोळी कुठे ठेवता?

"टेन्शन घेतलं की सीडी४ घसरतो ना?" एचआयव्हीसह जगणारी माणसं हे सतत विचारतात. सीडी४ म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा. "टेन्शन घेऊ नका" हे उत्तर मी कधीच देत नाही. त्याने टेन्शन आल्याचंच टेन्शन वाढतं.

या ताई (ओळख बदलली आहे) ४ वर्षं एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या औषधांवर होत्या. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, आधी सापडतही नव्हता, तो ४,०००च्या वर गेला. "घरात आजारपण आहे, झोप नाही. त्यानेच झालं." तीन भेटी यातच गेल्या. चौथ्या भेटीत मी विचारलं, "गोळी कुठे ठेवता?"

त्यांनी पर्समधून रुमालात घट्ट गुंडाळलेली बाटली काढली. वाजू नये म्हणून रुमाल. आजारी माणूस आल्यापासून घर कधी रिकामं नसायचं, म्हणून बाटली निघायचीच नाही.

"आठवड्यात किती चुकतात?"

बराच वेळ त्या गप्प होत्या. "दोन. कधी तीन."

ताण शरीरावर थेटही काम करतो. एचआयव्ही असलेल्या ८२ पुरुषांचा साडेसात वर्षांपर्यंत मागोवा घेणारा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्यावर ताण जास्त होता आणि ज्यांना मिळणारा आधार अपुरा वाटत होता, त्यांची एड्सकडे वाटचाल लवकर झाली. पण तो अभ्यास सुरू झाला तेव्हा आजची प्रभावी औषधं नव्हती. आज गोळी रोज पोटात जात असेल तर विषाणूला वाढायला सहसा वावच मिळत नाही. म्हणून ताणाबद्दल ऐकताना मी आधी गोळीचा माग काढते. माझ्या मते आधार म्हणजे दहा माणसांची सहानुभूती नव्हे. आपल्या एचआयव्हीबद्दल माहीत असलेलं एक माणूस पुरतं, फक्त त्याला नेमकं काम द्यावं लागतं.

ताईंनी बहिणीला निवडलं. वाक्य आम्ही चार वेळा बोलून पाहिलं: "मला एचआयव्ही आहे, औषध चालू आहे. एकत्र राहून, जेवून तो पसरत नाही. तू फक्त रात्री ९ला मिस्ड कॉल दे." जिथे मारहाणीची किंवा घराबाहेर काढण्याची भीती असेल, तिथे मात्र आधी सांगू नका, समुपदेशकाशी बोला.

गोळी विसरलात तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या, दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. सीडी४चा एखादा आकडा पाहून घाबरू नका. साध्या सर्दीने, अगदी दिवसाच्या वेळेनेही तो बदलतो. व्हायरल लोड मात्र नियमित गोळ्या घेऊन ३ महिन्यांनी पुन्हा तपासाच. तरीही चढाच राहिला तर औषधाला विषाणू दाद देत नसेल, अशी शक्यता डॉक्टर पाहतात.

ताईंचा व्हायरल लोड ३ महिन्यांनी २००च्या खाली आला. घरचं आजारपण अजून तसंच होतं.