आधी पाय बघा, हात नंतर

मागच्या अंकात नेटबॉलचं मैदान फक्कीने कसं आखावं ते लिहिलं होतं. त्यानंतर आलेली बहुतेक पत्रं मात्र शिट्टीबद्दल विचारणारी आहेत. मला मनापासून आनंद झाला. ठाण्यात ३१ वर्षं पीटी शिकवली, त्यातली २२ वर्षं नेटबॉलची पंचगिरी केली. या खेळाला खेळाडू मिळतात, पंच मिळत नाहीत, हे दर हंगामात पाहिलं आहे. म्हणून यावेळी शिट्टीचीच चार पत्रं घेतली आहेत. पहिल्याला जागा जास्त दिली आहे, कारण तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत अनेकांनी विचारला आहे.

*बाई, मी ऐरोलीच्या एका शाळेत पीटीचा शिक्षक आहे. आंतरशालेय सामन्यांत मला पंच म्हणून उभं केलं. नियम पाठ आहेत. पण शूटर बॉल घेऊन उभी असते, गोल कीपर दोन्ही हात वर करून तिच्यावर झुकते आणि बाहेरून प्रशिक्षक ‘अंतर, अंतर’ म्हणून ओरडतात. मला ते तीन फूट दिसतच नाहीत. अंदाजाने शिट्टी मारतो आणि मग रात्री झोप लागत नाही. काय करू?*
— एक शिक्षक, ऐरोली

सर, तुमची नजर हातांवर जाते आहे. सुरुवातीला सगळ्यांचीच जाते, कारण वर केलेले हात लांबूनही दिसतात. पण बॉल हातात असलेल्या मुलीपासून अडवणारीने राखायचं अंतर नियमात ०.९ मीटर, म्हणजे साधारण तीन फूट आहे, आणि ते जमिनीवर मोजायचं असतं, पायापासून पायापर्यंत. बॉल घेताना शूटरचा जो पाय टेकला, तिथून तिला अडवणाऱ्या गोल कीपरच्या जवळच्या पायापर्यंत. शूटरने तो पाय नंतर उचलला तर तो जिथे टेकला होता ती जागा धरायची. तेवढं अंतर सोडून उभी असलेली गोल कीपर खुशाल झुकू दे, बॉलवर हात आणू दे, समोरच्या मुलीला रिंग दिसेनाशी करू दे. तिचा स्पर्श होऊन अडथळा येत नाही तोवर तो तिचा हक्क आहे, आणि तो हक्क राखणं हेही पंचाचंच काम आहे. बाहेरून ओरडणाऱ्यांना फक्त झाकलेली शूटर दिसते.

दोन प्रसंग नीट वेगळे करा. शूटरने दुसरा पाय पुढे टाकला आणि ती स्वतःच गोल कीपरच्या जवळ गेली, तर गोल कीपरचा दोष नाही. गोल कीपर लांब उभी होती, पण बॉल अडवायला उडाली, आत येऊन उतरली आणि त्यामुळे फेकीत अडथळा आला, तर मात्र ऑब्स्ट्रक्शन, म्हणजे अंतर मोडून अडवल्याचा फाउल. दोन्हीकडे चित्र सारखंच दिसतं: दोघी एकमेकींना खेटून उभ्या. कोणामुळे जवळ आल्या, हे तुम्ही आधीपासून पायांकडे बघत असाल तरच कळतं.

आता हे ०.९ मीटर डोळ्यात कसं बसवायचं? मी घरात बसवलं. आपल्याकडच्या नव्या इमारतींत दोन बाय दोन फुटांच्या फरश्या असतात. दीड फरशी म्हणजे बरोबर तीन फूट. मी स्वयंपाकघरात ओट्यासमोर दीड फरशीच्या दोन्ही टोकांना काळी चिकटपट्टी लावली होती. कुकरची शिट्टी होईपर्यंत उभी राहायची आणि त्या दोन पट्ट्यांकडे बघायची. माझी सून नवीनच घरात आली होती. ती काही न विचारता पट्ट्या ओलांडून जायची. पुढे तिनेच एकदा भाजीची टोपली पट्टीच्या आत ठेवली आणि म्हणाली, ‘आई, ऑब्स्ट्रक्शन.’

मग शाळेत दोन मुलींना समोरासमोर उभं करायचे. मी पाठ फिरवायची, त्यांनी अंतर बदलायचं. मी वळून लगेच ‘आत’ किंवा ‘बाहेर’ सांगायचं आणि तिसरीने टेप लावायची. पहिल्या आठवड्यात दहात पाच-सहा बरोबर यायचे. दोन महिन्यांनी नऊ यायला लागले. तुम्ही हे दुपारच्या सुट्टीत सहज करू शकाल.

उभं कुठे राहायचं हेही तितकंच महत्त्वाचं. दोघींच्या मधली फट दिसेल तिथे. शूटरच्या पाठीमागून तुम्हाला तिची पाठच दिसणार, मग फट आहे की नाही हा अंदाजच उरतो. पंच साइडलाइन आणि गोल लाइनच्या बाहेरून फिरतो. बॉल रिंगसमोरच्या गोल सर्कलमध्ये पोचायच्या आत तुम्ही कोपरा वळून गोल लाइनवर आलेले हवेत. तिथे दोन पावलं इकडे-तिकडे सरकलात तरी सगळं चित्र बदलतं. बॉलच्या मागे धावू नका. हवेतला बॉल फाउल करत नसतो, खेळाडू करतात. तो जिथे उतरणार तिथल्या पायांकडे आधी बघा.

शिट्टी मारली की कोण, काय आणि कुठे हे मोठ्याने सांगा: ‘गोल कीपर, ऑब्स्ट्रक्शन’, आणि जागा हाताने दाखवा. गोल कीपर शूटरच्या बाजूला जाऊन उभी राहील, आणि बॉल हातातून सुटेपर्यंत खेळात भाग घेणार नाही. शूटरने पास द्यायचा की थेट शूट करायचं, हे तिचं ती ठरवेल. आणि सर, पाय दिसले नसतील तर शिट्टी खाली ठेवा. जे दिसलं नाही ते वाजवायचं नाही, हे मी माझ्यापुरतं कधीच मोडलं नाही.

*माझी मुलगी विंग डिफेन्स खेळते. मी स्वतः कॉलेजात बास्केटबॉल खेळलो आहे. परवाच्या सामन्यात समोरच्या मुलीने बॉल घेतला, एक पाय टेकला, दुसरा टाकला, मग पहिला पाय चक्क उचलला, तरी पंचांनी फूटवर्कचा, म्हणजे पाय चुकल्याचा फाउल दिला नाही. हे चालतं?*
— एक पालक, कोपरखैरणे

चालतं. बास्केटबॉलचे डोळे इथे दगा देतात. बॉल घेतल्यावर टेकलेला पहिला पाय उचलता येतो, पण तो पुन्हा जमिनीवर यायच्या आत बॉल हातातून गेला पाहिजे. त्या पायावर गिरकी घेता येते. त्याच पायावर लंगडी घालता येत नाही आणि तो फरफटवता येत नाही. दोन्ही पाय एकदम टेकले तर पहिला पाय कोणता धरायचा, हे मुलीच्या मर्जीवर. ड्रिबल नाहीच, बॉल ताब्यात घेण्यापुरता एकदा टप्पा देता येतो. आणि हे सगळं तीन सेकंदांत.

पंच म्हणून मी काय करायचे, ते सांगते. बॉल हाताला लागताच मनात ‘डावा’ किंवा ‘उजवा’ म्हणायचे आणि बॉल सुटेपर्यंत त्या एका पायावरून नजर हलवायची नाही. तुम्ही पुढच्या सामन्यात गॅलरीतून हे करून बघा. मुलीशी बोलायला दोघांना नवा विषय मिळेल. एक मात्र खरं, की पावसाळ्यात ओल्या सिमेंटवर बूट आपोआप घसरतो आणि फरफटल्यासारखा दिसतो. अशा मैदानावर सामना खेळवायचा की नाही, हे आधीच ठरवायला हवं. मी सामन्याआधी मुलींची नखं आणि पैंजण तपासायचे, तसं मैदानावरही एक फेरी मारायचे, चप्पल काढून अनवाणी. शेवाळ डोळ्याआधी तळपायाला कळतं.

*ताई, समोर उघड फाउल होतो, सगळे ओरडतात, आणि पंच ‘ॲडव्हांटेज’ म्हणून खेळ चालू ठेवतात. मग नियम कशाला?*
— एक विद्यार्थिनी, नेरुळ

या प्रश्नाचं उत्तर मला एका चुकीतून मिळालं आहे.

२०११ सालची गोष्ट. ठाण्यातल्याच एका मैदानावर शालेय गटाचा अंतिम सामना होता. शेवटचं क्वार्टर, बरोबरी. मधल्या भागात सेंटरने बॉल सोडला आणि त्याच क्षणी समोरच्या विंग डिफेन्सने तिला जोरात धक्का दिला. कॉन्टॅक्ट मला स्वच्छ दिसला होता. मी शिट्टी मारली. पण बॉल तोवर सेंटरच्याच संघाच्या गोल अटॅकच्या, म्हणजे गोल करू शकणाऱ्या मुलीच्या हातात पोचला होता आणि ती पोस्टखाली एकटी होती, आसपास कोणी नाही. तिने बॉल टाकला, तो रिंगमधून गेला आणि मला तो गोल नाकारावा लागला, कारण शिट्टी आधी झाली होती. त्याबदल्यात त्यांना पेनल्टी पास मिळाला, तोही मैदानाच्या मध्यावर. तोवर डिफेन्स परतला. त्या मुली एका गोलने हरल्या. त्या गोल अटॅकने एकदाच माझ्याकडे पाहिलं. ती काही बोलली नाही. धक्का तिच्या संघाला बसला होता आणि शिक्षाही मी तिच्याच संघाला दिली होती.

त्याच्या आदल्या वर्षी दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेचा अंतिम सामना आम्ही शिक्षकांनी मिळून टीव्हीवर बघितला होता. न्यूझीलंडने ऑस्ट्रेलियाला ६६-६४ हरवलं, तेही दोनदा जादा वेळ खेळवल्यावर. एवढ्या वेळानंतर फरक दोन गोलांचा! तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या, पण एकेका बॉलची किंमत किती असते ते मला त्या मैदानावर कळलं.

म्हणून ॲडव्हांटेज. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचंच शिट्टीने नुकसान होणार असेल, तर वाजवायची नाही. पण गप्पही राहायचं नाही. ‘कॉन्टॅक्ट, ॲडव्हांटेज’ असं मोठ्याने म्हणायचं आणि हाताने खूण करायची. धक्का देणारीला कळतं की पंचाने पाहिलं आहे, आणि जिला धक्का बसला तिलाही कळतं. या दुसरीला कळणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे कोणाचं लक्षच नाही असं वाटलं की मुली स्वतः हिशेब चुकता करायला लागतात. तीच मुलगी पुन्हा पुन्हा धक्के देऊ लागली तर ताकीद आहे, त्याच्या पुढे दोन मिनिटं मैदानाबाहेर बसवण्याची तरतूद आहे. अवघड आहे ते शिट्टी ओठांत धरून अर्धा श्वास थांबणं. त्या सामन्यानंतर मी ते शिकायला सुरुवात केली आणि मला दोन हंगाम लागले.

*बाई, मी दहावीत आहे. उंची कमी म्हणून मला टीममध्ये घेत नाहीत. मला पंच होता येईल का? माझं कोण ऐकेल?*
— एक वाचक, कळवा

होता येईल, आणि ऐकतील. बाळ, हा खेळच बायकांनी उभा केला आहे. इंग्लंडमध्ये १९०१ साली नियम छापून आले, १९६३ साली ईस्टबोर्नला पहिली जागतिक स्पर्धा झाली. रिंग ३.०५ मीटरवर आहे, ती शूटरसाठी. पंचाला खाली बघायचं असतं.

सुरुवात गुणलेखकाच्या टेबलावरून कर. गोल कोणीही केला तरी सेंटर पास, म्हणजे मैदानाच्या मध्यातून खेळ पुन्हा सुरू करणारा पास, दोन्ही संघांना आलटून पालटून मिळतो, आणि त्याची नोंद त्या टेबलावर होते. पंचाने चुकीच्या संघाला पास दाखवला तर त्याला तिथल्या तिथे सांगणं हे त्या टेबलाचं काम. पहिल्यांदा मोठ्या माणसाला ‘सर, पास त्यांचा’ असं सांगताना आवाज कापेल. दुसऱ्यांदा कमी कापेल. एक हंगाम तिथे बसलीस की मग शाळेच्या सरावात अर्धं मैदान मागून घे. पंच दोन असतात आणि प्रत्येकाकडे एकच अर्धा भाग असतो, त्यामुळे सगळं मैदान तुझ्या एकटीच्या अंगावर येत नाही. एखादी गोष्ट दिसली नाही तर दुसऱ्या पंचाला विचारता येतं. त्यात कमीपणा नाही, नियमातच तशी सोय आहे.

दहावीचा अभ्यास सांभाळून रोज दहा मिनिटं वर पहिल्या पत्रात सांगितलेला फरशीचा सराव कर. तुमच्याकडे शहाबादी लाद्या असतील तर त्यांचं माप वेगळं असतं. आधी टेप घेऊन मोज, मग पट्टी लाव.