रेझिस्टरचा प्लस कुठला हे आधीच कसं ओळखायचं आणि करंट मायनस आला तर काय चुकलं?

तुम्ही विचारलंय की रेझिस्टरला प्लस-मायनस कुठे द्यायचं हे गणित सोडवायच्या आधीच कसं कळतं, करंट मायनस आला की करंटच्या दिशेचा धरलेला बाण उलटा करून परत सोडवायचं का, आणि इलेक्ट्रॉन उलटे जातात तर हे सगळं चुकीचं नाही का. पहिल्याचं उत्तर असं की कळत नाही, आणि कळायची गरजही नाही.

मल्टीमीटर डोळ्यासमोर आणा. लाल प्रोब एका टोकाला, काळी दुसऱ्या टोकाला. स्क्रीनवर ५ आलं तर लाल टोक ५ व्होल्टनं वर, -५ आलं तर लाल टोक खाली. मायनस दिसला म्हणून मीटर बिघडला असं कोणी म्हणत नाही ना? कागदावर रेझिस्टरला जे + आणि - काढतो ते एवढंच, की मी लाल प्रोब इकडे धरणार आणि काळी तिकडे. कुठलं टोक खरंच वर आहे हे उत्तराचं चिन्ह सांगतं, ते आधी ओळखायचं काम आपलं नाहीच.

फक्त एक अट आहे. करंटचा बाण आणि ही चिन्हं यांची जोडी जमली पाहिजे, बाण ज्या टोकातून आत शिरतो त्याला प्लस. यालाच पॅसिव्ह साइन कन्व्हेन्शन म्हणतात (नाव उगाच भारदस्त आहे). जोडी जमली की व्ही = आयआर (व्होल्टेज = करंट गुणिले रेझिस्टन्स), बाण मायनसमधून शिरत असेल तर व्ही = -आयआर. बॅटरीचं मात्र वेगळं, तिच्यावरचं + - छापलेलं असतं, बाण कुठूनही गेला तरी ते हलवायचं नाही. बहुतेकांचा घोळ इथेच होतो, बॅटरीचं चिन्ह बाणाबरोबर फिरवतात आणि रेझिस्टरचं फिरवत नाहीत, म्हणजे बरोब्बर उलटं.

एक लूप घ्या. डावीकडे १२ व्होल्टची बॅटरी, उजवीकडे ६ व्होल्टची, दोन्हींचे प्लस वर. वरच्या वायरमध्ये २ ओहम, खालच्या वायरमध्ये ४ ओहम. बाण क्लॉकवाइज धरला, म्हणजे वरच्या रेझिस्टरचं डावं टोक प्लस आणि खालच्याचं उजवं टोक प्लस. आता डाव्या खालच्या कोपऱ्यातून क्लॉकवाइज चालत जा आणि प्रत्येक वस्तूत शिरताना जे चिन्ह आधी भेटतं ते लिहीत जा, फेरी पूर्ण करून परत त्याच जागी आलो की बेरीज शून्य: -१२ + २आय + ६ + ४आय = ०. आय = १ अँपिअर.

आता मुद्दाम बाण उलटा, अँटीक्लॉकवाइज. रेझिस्टरची चिन्हं पलटली, बॅटऱ्या तशाच. चालायचं तसंच क्लॉकवाइज: -१२ - २आय + ६ - ४आय = ०. आय = -१. म्हणजे माझ्या बाणाच्या उलट दिशेनं १ अँपिअर, तेच उत्तर. त्यामुळे परत सोडवू नका, बाण खोडू नका, मायनस तसाच ठेवा आणि पुढे जिथे जिथे आय टाकायचाय तिथे मायनससकट टाका. मी पहिल्या वर्षाच्या पेपरात नेमकी इथेच चूक केली होती, दोन लूपचं गणित, मधल्या फांदीचा करंट मायनस आला, घाबरून फक्त तेवढा एक बाण उलटा केला आणि जुनी समीकरणं तशीच वापरली, मग पुढची दोन पानं सगळी चूक.

खरी चूक कशी दिसते तेही बघा. समजा बाण क्लॉकवाइजच धरला पण खालच्या रेझिस्टरला प्लस चुकून डावीकडे दिला. -१२ + २आय + ६ - ४आय = ०, आय = -३. दिसायला हेही मायनसच, मग ओळखायचं कसं? पॉवर मोजून, देणाऱ्यांची आणि खाणाऱ्यांची बेरीज सारखी यायला हवी. बरोबरच्या उत्तरात १ अँपिअर होता, रेझिस्टर २ आणि ४ वॅट खातात, ६ व्होल्टच्या बॅटरीत करंट प्लसमधून शिरतो म्हणून ती ६ वॅट घेते, बेरीज १२, आणि १२ व्होल्टची बॅटरी देते १२. जमलं. चुकीच्या उत्तरात ३ अँपिअरला रेझिस्टर खातात १८ + ३६ = ५४ वॅट. करंट उलटा म्हणून ६ व्होल्टवाली देते १८, आणि १२ व्होल्टवाली देण्याऐवजी उलट ३६ वॅट घेत बसलीये. देणारे १८, खाणारे ९०. हा हिशोब अर्ध्या मिनिटाचा आहे, पण पेपरात कोणी करत नाही.

यातच अजून एक गोष्ट दिसली असेल, ६ व्होल्टच्या बॅटरीत करंट प्लसमधून आत जातोय, म्हणजे ती चार्ज होतीये. "बॅटरीच्या प्लसमधून करंट बाहेरच पडतो" हे डोक्यातून काढा. मोबाइल चार्जिंगला लावला की त्याच्या बॅटरीचा प्लस बदलत नाही, करंटची दिशा बदलते.

इलेक्ट्रॉनचं म्हणाल तर, प्लस-मायनस ही नावं अमेरिकन शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिननं १७४७ च्या सुमारास वापरली आणि इलेक्ट्रॉन सापडला १८९७ मध्ये. तोवर प्लसकडून मायनसकडे करंट धरायची पद्धत पक्की झाली होती. निगेटिव्ह चार्ज डावीकडे जाणं आणि तेवढाच पॉझिटिव्ह चार्ज उजवीकडे जाणं, दोन्हींचा करंट एकच, त्यामुळे सर्किट सोडवताना इलेक्ट्रॉन मध्ये आणूच नका.

आणि पुढे एसी (दिशा सतत पलटणारा करंट) आलं की परत हाच प्रश्न पडेल, की ५० हर्ट्झला व्होल्टेज सेकंदाला १०० वेळा पलटतं तर मग सोर्सवर + कशाला काढलाय. परत तेच, लाल प्रोब तिथे धरलीये, आकडा अर्धा वेळ प्लस आणि अर्धा वेळ मायनस येईल, प्रोब हलवायची नाही.