अमेरिकेत राहणाऱ्या चिनी म्हाताऱ्या लोकांना नेमका त्रास कशाचा होतो?

माझ्या मते पैशापेक्षा एकटेपणाचा जास्त. नातवंडं सांभाळायला म्हणून बोलावून घेतात, मग पोरं शाळेत जायला लागली की आजी-आजोबा दिवसभर घरात बसून, गाडी चालवता येत नाही, इंग्रजी येत नाही आणि नातवाला कँटनीज (त्यांची चिनी बोली) धड येत नाही. डॉक्टरकडे जायचं तरी मुलाने सुट्टी काढायची. (न्यू जर्सीतले आपले आई-बाबा आठवले ना?)

सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधे जरा वेगळं आहे. तिथे बरेच जण साधारण ८ बाय १० फुटांच्या एका खोलीत राहतात, किचन-बाथरूम मजल्यावर कॉमन, त्यामुळे सगळे पोर्ट्समथ स्क्वेअर या तिथल्या सार्वजनिक चौकात. मी गेलो तेव्हा पुठ्ठ्याचा खोका उलटा टाकून पत्ते चालले होते आणि भोवती दहा जण उभे राहून फुकटचे सल्ले देत होते. भाजी, डॉक्टर, गप्पा सगळं चालत जाण्याएवढं जवळ आणि आपल्या भाषेत, म्हणून मुलांनी सबर्बमधल्या मोठ्या घरात बोलावलं तरी काही जण हलत नाहीत.

तिथेच १९७१ मधे ऑन लोक ही म्हाताऱ्यांची काळजी घेणारी संस्था सुरू झाली, दिवसा सेंटरवर जेवण, औषधपाणी आणि रात्री आपापल्या घरी. अमेरिकेचा पेस प्रोग्रॅम (म्हाताऱ्यांना घरीच राहून सगळी देखभाल मिळावी म्हणूनचा सरकारी कार्यक्रम) पुढे यावरूनच निघाला.