बेसवर कोण?

विचारणा अशी आहे: "जॅक ब्रूस या ब्रिटिश ब्लूज-रॉक बेसिस्टच्या कारकिर्दीवर मराठीत लेख लिहितेय. 'बास' लिहावं की 'बेस'? आणि 'बेसिस्ट'ला 'खर्जवादक' चालेल का?"

पहिलं लगेच उरकतं. 'बेस' लिहा. इंग्रजीत वाद्याचा उच्चार बेस, त्याच स्पेलिंगच्या माशाचा बॅस. 'बास' हा दोघांचाही नाही, तो फक्त स्पेलिंग वाचून झालेला आहे. शिवाय मराठीत 'बास' म्हणजे पुरे. 'बास गिटार' वाचलं की मला शेजारच्या काकांनी भिंतीवर थाप मारल्यासारखं वाटतं.

जाता जाता एक गैरसमज. 'बेस म्हणजे पाया, गाण्याचा पाया असतो म्हणून बेस गिटार' असं अनेकजण ठामपणे सांगतात. पायावाला बेस ग्रीकमधून आलाय. हा बेस लॅटिन 'बासुस'मधला, म्हणजे बुटका, ठेंगणा, खालचा. इंग्रजीत तो पूर्वी एकाच एसने लिहीत, दुसरा एस इटालियन 'बासो'च्या प्रभावाने चिकटला. देवनागरीत दोन्ही 'बेस' एकाच कपड्यात आले आणि पायाची गोष्ट पसरली. 'त्याच्या आवाजाला बेस आहे' किंवा मिरवणुकीत 'बेस वाढव रे' म्हणतो तेव्हा आपण खालच्या सुराबद्दलच बोलत असतो, पायाबद्दल नाही.

आता खर्ज. शब्द देखणा आहे, म्हणूनच जपून वापरायला हवा. खर्ज म्हणजे मुळात षड्जच. 'ष'चा 'ख' करायची उत्तरेकडची जुनी खोड, त्यातून षड्जाचा खरज झाला आणि आपल्याकडे खर्ज. पुढे अर्थ सरकला: नुसता सा नव्हे तर खालचा सा, आणि मग एकूण खालचं सप्तक. तंबोऱ्याची चौथी तार खर्जाची, पहाटे उठून लावायचा तो खर्ज, आणि दारावरून ओरडणाऱ्या वॉचमनचा आवाजही खर्जातला.

पण खर्ज गाणाऱ्याच्या पट्टीला बांधलेला असतो. काळी एकला, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून, गाणाऱ्या बुवांच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सेकंदाला साधारण ६९ कंपनं करते. काळी चारला गाणाऱ्या बाईंच्या तंबोऱ्यात तीच तार १०४च्या आसपास असते. दोन्ही खर्जच. बेस गिटारचं तसं नाही. तिची सर्वांत जाड तार नेहमीच्या लावणीत ४१ कंपनांच्या जवळ असते, मग गाणं कुठल्याही पट्टीत असो. म्हणजे 'खर्ज' हे नातं झालं आणि 'बेस' हा पत्ता झाला.

दुसरा फरक याहून मोठा. आपला खर्ज हलत नाही. ब्लूजमधला हलतो, आणि हलण्यातच त्याचा जीव असतो. नेहमीचं ब्लूजचं आवर्तन बारा बारांचं, एक बार चार मात्रांचा, म्हणजे ४८ मात्रा. ढोबळमानाने त्यात बेसवाला पहिले चार बार सा धरतो, दोन बार मध्यम, परत दोन बार सा, मग एक बार पंचम, एक बार मध्यम आणि शेवटचे दोन बार घरी सा. तंबोऱ्याची तार अशी मध्यमावर जाऊन आली तर गायक गाणं थांबवून वळून बघेल.

आता तुमचे जॅक ब्रूस. 'खर्जवादक' त्यांच्या अंगाला बसतो का, ते त्यांच्या आयुष्यावरच घासून बघू. जन्म १९४३, ग्लासगोजवळचं बिशपब्रिग्ज. शिक्षण चेलोचं आणि रचनेचं, स्कॉटलंडच्या संगीत अकादमीत. तिथल्या मंडळींना त्यांचं जॅझ वाजवणं पसंत नव्हतं, म्हणून अकादमी सुटली. १९६२मध्ये लंडनला अलेक्सिस कॉर्नर यांच्या ब्लूज इनकॉर्पोरेटेडमध्ये ते वाजवत होते डबल बेस, म्हणजे माणसाएवढं उभं लाकडी वाद्य. (हे वाद्य मुंबईच्या सिनेसंगीतात गोव्याच्या वादकांनी पुष्कळ वाजवलं, त्यामुळे 'डबल बेस' आणि 'बेस गिटार' हे शब्द आपल्याला नवे नाहीत. पंचमच्या, म्हणजे आर. डी. बर्मन यांच्या, गाण्यांतला टोनी वाझ यांचा बेस तर आपण नाव माहीत नसतानाही ऐकत आलोय.)

पुढे ग्रॅहम बाँड ऑर्गनायझेशनमध्ये ब्रूस बेस गिटारकडे वळले. ड्रम्सवर जिंजर बेकर. या दोघांची भांडणं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, आपल्याला त्यातली तक्रार हवी: बेकर यांचं म्हणणं, हा फार वाजवतो. १९६५मध्ये त्यांनी ब्रूसना बँडमधून काढलं.

'फार वाजवतो' ही तक्रार आपल्याला ओळखीची आहे. साथीच्या पेटीवाल्याबद्दल, तबल्याबद्दल मैफलीनंतर चहाच्या टपरीवर हीच असते. बेकरना हवी होती ती साथ: खालचा सूर धर, ठेक्याला चिकट, बाकी आम्ही बघतो. ब्रूस जर्मन संगीतकार बाखच्या खालच्या ओळी ऐकत घडलेले, मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांत बेस वाजवणाऱ्या जेम्स जेमरसनवर लुब्ध. दोन्हीकडे खालची ओळ स्वतःची चाल घेऊन चालते. हा माणूस साथीदार व्हायला तयार नव्हता. म्हणून तुमच्या लेखात 'बेसची साथ' हा शब्दप्रयोग सहज येऊ देऊ नका. तोच तर वादाचा मुद्दा होता.

गंमत बघा, १९६६मध्ये बेकरनी गिटारवादक एरिक क्लॅप्टनना नव्या बँडसाठी विचारलं तेव्हा क्लॅप्टननी ब्रूस हवेतच असं सांगितलं. त्यातून क्रीम झाला. तीनच माणसं. गिटारवर क्लॅप्टन, ड्रम्सवर बेकर, बेसवर ब्रूस, आणि बहुतेक गाण्यांत मुख्य गाणंही ब्रूस यांचंच. मागे सूर भरायला चौथं कोणी नाही, मग 'फार वाजवणं' हा दोष न राहता गरज झाली.

१९६७च्या जानेवारीत लंडनच्या सॅव्हिल थिएटरात गिटारवादक जिमी हेंड्रिक्सना ऐकून आल्यावर ब्रूस यांना 'सनशाइन ऑफ युअर लव्ह'ची ती प्रसिद्ध ओळ सुचली. सरगमात लिहितो: सा सा नी सा, प म म सा ग सा. नी आणि ग कोमल. दोन मध्यमांत पहिला तीव्र, दुसरा शुद्ध. पेटीवर वाजवून बघा: सुरुवातीचे सा वरच्या सप्तकातले, बाकी सगळे सूर त्यांच्या खालच्या सप्तकात. दोन मध्यम लागोपाठ येताना कानाला ललत रागाची चाहूल लागते, पण लगेच आधी पंचम येऊन गेलेला, आणि ललतात पंचम नाही. ही ओळ बेसवर सुचलेली आहे आणि गाण्याचा चेहरा तीच आहे. गिटार तिच्यामागून तेच वाजवते. इथे साथ नक्की कोण कोणाला करतंय?

याउलट 'स्पूनफुल' ऐका. मूळ गाणं विली डिक्सन यांचं, आणि तेही शिकागोचे डबल बेस वाजवणारेच. चाल जवळजवळ एकाच सुरावर बसलेली. इथे तुमचा 'खर्ज' खरोखर शोभतो. पण १९६८च्या 'व्हील्स ऑफ फायर' या अल्बमवरचं क्रीमचं मैफलीतलं रूप सोळा मिनिटांहून लांब आहे, आणि त्यात ब्रूस त्या सुराभोवती इतकं फिरतात की खर्ज आहे हे विसरायला होतं. त्याच तबकड्यांवरचं 'क्रॉसरोड्स' ऐकताना सगळे क्लॅप्टनकडे कान लावतात. एकदा फक्त खालची ओळ धरून ऐका. तिथे दोन सोलो एकाच वेळी चाललेत.

१९६८च्या नोव्हेंबरात लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये निरोपाची मैफल झाली आणि क्रीम संपला. पुढचं भरभर सांगतो: १९६९चा स्वतःचा अल्बम 'साँग्स फॉर अ टेलर', मग ड्रमर टोनी विल्यम्स यांच्या 'लाइफटाइम' या बँडमध्ये गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन यांच्याबरोबर. हेच मॅकलॉफ्लिन पुढे झाकीरभाईंबरोबर 'शक्ती'त आले. त्या शक्तीत बेस नव्हताच, खालची बाजू डग्ग्याने आणि घटमने सांभाळली. २००३मध्ये ब्रूस यांच्या यकृताचं प्रत्यारोपण झालं, त्यातून ते जेमतेम वाचले आणि २००५मध्ये त्याच अल्बर्ट हॉलमध्ये क्लॅप्टन आणि बेकर यांच्याबरोबर पुन्हा उभे राहिले. २०१४च्या ऑक्टोबरात गेले.

तर 'खर्जवादक' नको. तो शब्द माणसाला एका सुरावर बसवून ठेवतो, आणि हे गृहस्थ बसले नाहीत. आवाजाचं वर्णन करताना मात्र खर्ज, मंद्र, ढाला सूर, घुमारा हे सगळे शब्द खुशाल वापरा, 'बेसची ओळ खर्जात उतरते' हे उत्तम मराठी आहे. 'बेसिस्ट' चालतो, कॉलेजच्या बँडमधली मुलं तेच म्हणतात. छापील मजकुरात मी 'बेसवादक' लिहीन.

पण खरं सांगू, आपल्याला नामाची इतकी गरजच पडत नाही. आपण 'तबलावादक कोण आहेत?' असं विचारत नाही, 'तबल्यावर कोण आहे?' विचारतो. पेटीवर अमुक, सारंगीवर तमुक. तुमच्या लेखात 'क्रीमचे बेसिस्ट जॅक ब्रूस' असं दहा वेळा येणार असेल तर त्यातलं आठ वेळा 'क्रीममध्ये बेसवर जॅक ब्रूस होते' करून बघा, वाक्य आपोआप मोकळं होईल.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढे अडणार आहात म्हणून: उत्तरायुष्यात ते वॉरविकचा फ्रेटलेस बेस वाजवत. फ्रेटला आपल्याकडे पडदा म्हणतात, सतारीचे पडदे म्हणतो तसे. म्हणून बिनपडद्याचा बेस. चेलोलाही पडदे नसतात, डबल बेसलाही नसतात, त्यामुळे तिथे 'पुन्हा बिनपडद्याच्या वाद्याकडे' असं लिहिलंत तरी चालेल.