डोळे मिटून दूध

ताई, मी कोथरूडला भाड्याच्या वन बीएचकेत एकटी राहते. जुलैच्या पावसात जिन्यात सापडलेलं मांजरीचं पिल्लू घरात आणलं. करारात ‘पाळीव प्राणी ठेवू नयेत’ असं आहे. मालकीणकाकू येणार असल्या की मनीला पिशवीत घालून मैत्रिणीकडे नेते. सोसायटीच्या ग्रुपवर वाचलं, की कायद्याने अशी बंदी घालताच येत नाही. मग मी घाबरू कशाला?
— मनीची आई

मनीच्या आई, ग्रुपवरचं अर्धंच खरं आहे. भारतीय पशु कल्याण मंडळाने २०१५ मध्ये बजावलं ते सोसायट्यांना: ठराव करून रहिवाशांच्या पाळीव कुत्र्यांवर बंदी घालू नका. तुझा मामला सोसायटीशी नाही, काकूंशी आहे आणि लिव्ह अँड लायसन्सची ती अट तू कबूल केली आहेस. सेक्रेटरीला दाखवायचा कागद घरमालकिणीपुढे चालत नाही.

शिवाय मांजरानं डोळे मिटून दूध प्यावं तसं हे किती दिवस चालणार? पाच-सहा महिन्यांची झाली की मनी माजावर येईल आणि रात्रभर अशी ओरडेल, की खालचे आजोबा विचारतील, घरात तान्हं बाळ आहे का. तेव्हा आधी डॉक्टरांना विचारून नसबंदी आणि लसी उरकून घे.

मग काकूंना फोन कर. मेसेज नको, त्यावर ‘नाही’ म्हणणं फार सोपं असतं. ‘काकू, आधी विचारायला हवं होतं, चुकलं’ इथून सुरुवात कर, कायदा काढूच नकोस. मालकांना बहुधा मांजराचा राग नसतो. धास्ती असते वासाची आणि खिडकीच्या फाटलेल्या जाळीची. घराचे आजचे फोटो पाठव, थोडं डिपॉझिट वाढवून दे, सोडताना रंग लावून देईन म्हण. ‘हो’ म्हणाल्या तर दोन ओळी लेखी घे.

‘नाही’ म्हणाल्या, तर तो त्यांचा हक्क. करारातली नोटिशीची मुदत बघ, तेवढा वेळ माग आणि दुसरं घर शोध. या वेळी एजंटला पहिल्याच वाक्यात मांजर सांग. घरं कमी दाखवेल, भाडंही थोडं जास्त पडेल. ते तुझं तू सोसायचं. मनीला पार्किंगमध्ये सोडून यायचा विचार मात्र मनातही आणू नकोस. पाळलेलं जनावर उपाशी मरायला टाकून देणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

आणि ती पिशवी आधी बंद. कॅरियर घे. चालत्या रिक्षातून उडी मारलेलं मांजर हाका मारून परत येत नाही.